भिंतीकडची फांदी

दुपारच्या झोपेतून उठले तेव्हा डाव्या हाताला, कोपराच्या जरा वर, चिमट्याची खूण होती. सासुरवाशिणीला चिमटे नवे नसतात, पण ते बोलण्यातले. हा खराखुरा होता. दोन बाजूंना नखांच्या दोन कोरी आणि मधली कातडी लाल. खोलीत मी एकटीच होते आणि दार नुसतं लोटलेलं होतं. लग्न होऊन पाचगणीच्या वरच्या अंगाच्या या नर्सरीत मी आले, त्याला अजून महिनाही झाला नव्हता, आणि ही खूण काही पहिली नव्हती.

हात पुढे करून मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग गळ्याकडे पाहिलं, आणि चहात साखर टाकता टाकता म्हणाल्या, "तीच आसंल. पारखून बघतीया तुला. मनावर घिऊ नगंस."

ती म्हणजे यमुना, माझ्या नवऱ्याची पहिली बायको. काविळीनं गेली होती. आमच्याकडे रीत अशी, की मेलेल्या सवतीच्या जागी जी येते तिनं त्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. नवं लुगडं आलं तर आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिचा, उरलेला आपला. मी वाईची, माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, घरात पुस्तकं होती. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण पदरी पडलं आणि पवित्र झालं, म्हणून मी तो टाक घातला होता. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून तो मला जड वाटायचा. आणि खुणा नुसत्या हातावरच नव्हत्या. एकदोनदा मानेवरही उठल्या होत्या, मागच्या बाजूला, टाकाच्या दोऱ्याच्या बरोबर खाली. त्या मी आत्याबाईंना दाखवल्या नाहीत.

त्या घरात यमुना सगळीकडे होती. तिची पाटी, तिची खुरपी, तिनं सारवलेला कट्टा. पण सगळ्यात जास्त ती अंगणातल्या एका कुंडीत होती.

मोरपंखी कुणाला ठाऊक नाही? शाळेत असताना आम्ही तिची डहाळी विद्या म्हणून पुस्तकात ठेवायचो. तर यमुनेला रोपांच्या वाफ्यात एक मोरपंखी अशी सापडली होती, की तिच्या एका फांदीला एकच डहाळी पांढरी फुटलेली. गडी म्हणाले रोग आहे, उपटून टाका. तिनं ते रोप कुंडीत लावलं आणि अंगणाच्या भिंतीपाशी आणून ठेवलं. रोज पहाटे उठून ती त्यातले हिरवे कोंब नखानं खुडायची आणि पांढरे राखायची. बघता बघता माणसाच्या उंचीचं झाड झालं, हिरव्यावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखं. लांबून लांबून लोक बघायला यायचे. त्याची कलमं विकली जायची आणि घेणाऱ्यांच्या अंगणात वर्षा-दोन वर्षांत निव्वळ हिरवी होऊन बसायची. पांढरं टिकलं ते एकट्या यमुनेच्या हाती.

ती गेल्यावर त्या झाडाला कुणी हात लावला नाही. तरीही रोज सकाळी कुंडीच्या बुडाशी खुडलेले हिरवे कोंब पडलेले असायचे.

मी आल्यावर हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आत्याबाई ते कोंब झाडून भरायच्या, कुंडीला हळदकुंकू लावायच्या आणि कामाला लागायच्या. कोण खुडतं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "जिचं झाड हाय ती." नवऱ्याला विचारलं तर तो उठून पाणी सोडायला जायचा. जयवंतराव राजपुरे म्हणजे असा माणूस, की बायकोशी चार शब्द बोलायचे तर त्यातले तीन खताबद्दल असणार. वाईट मुळीच नव्हता. यमुनेच्या जाण्यानं त्याचं बोलणंच आटून गेलं होतं, आणि मी त्याच्याशी बोलायला शिकले ते झाडांच्याच वाटेनं.

एका सकाळी तो शेडनेटखाली मोरपंखीच्या काड्या लावत होता. मी पिशव्या भरत बसले आणि विचारलं, की एकाच झाडाला दोन रंग फुटतात तरी कसे. त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. एक कोंब त्यानं माझ्यापुढे धरला.

"हे टोक बघ, शालन. मोहरीपेक्षा बारीक. ह्या टोकात हिरवं आणि पांढरं शेजारी शेजारी नांदत असतं. दोन भावांची शेतं असावीत तसं. वाढताना डोळा ज्याच्या शेतात फुटेल, त्याच्या रंगाची डहाळी येते. बरोबर बांधावर फुटला, तर दोन्ही रंगांची."

"आणि मग हिरवं का खुडायचं?"

"हिरवं जोरकस असतं. मोकळं सोडलं की चढतं आणि पांढऱ्याला झाकून टाकतं. एकदा झाकलं की संपलं."

मी विचारलं, आणि पांढरं मोकळं सोडलं तर? त्यानं कोंब खाली ठेवला. गडी हाका मारतायत असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. कुणीही हाक मारलेली नव्हती.

या घरात आणखी एक माणूस होतं. वैजू. यमुनेची मुलगी, दुसरीत शिकणारी. अंगानं काडी, डोळे मोठे आणि तोंडाला कुलूप. ती मला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. मी केस विंचरायला बसवलं तर बसायची, ताटात वाढलं तर दोन घास खायची, पण तिची नजर माझ्या तोंडावर कधी नसायची. ती माझ्या गळ्यातल्या टाकाकडे बघत असायची. सावत्र आईला कुणी ओवाळत नाही हे मला ठाऊक होतं. तरी ती नजर मला सोसायची नाही. ताटावरून उठल्यावरही ती माझ्या गळ्याशीच राहिल्यासारखी वाटायची.

आई गेली तेव्हा ही पोर अन्नपाणी सोडून बसली होती म्हणे. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. शेवटी आत्याबाईंनी तिला त्या कुंडीपाशी नेलं आणि सांगितलं, की तुझी आई कुठं गेलेली नाही, ती या पांढऱ्यात आहे. त्या दिवशी पोर जेवली. म्हातारीनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचं काय चुकलं म्हणावं? नातीचा जीव वाचवला तिनं. पण त्या दिवसापासून पोरीचा जीव कुंडीत अडकला.

आणि झाड पांढरं होत चाललं होतं. मी आले तेव्हा निम्मंशिम्मं पांढरं होतं. संक्रांत झाली आणि हिरवं शोधावं लागू लागलं. होळीच्या सुमाराला तर ते अंगणात असं उभं असायचं, की दिवेलागणीला दारातून बघताना माझं पाऊल उंबऱ्यातच अडायचं. बघायला येणारे लोक हात जोडू लागले. वैजूच्या अंगावर जरा तेज आलं. एकदा वेणी घालताना ती आपणहून बोलली, माझ्याशी पहिल्यांदाच.

"सगळं पांढरं झालं की आई येणार."

कुणी सांगितलं, म्हणून मी विचारलं. कुणीच नाही, मला कळतं, म्हणाली. माझे हात तिच्या केसांतच थांबले.

चैत्राचं ऊन तापलं आणि झाडाचे शेंडे करपायला लागले. आधी टोकं तपकिरी झाली, मग डहाळ्या हात लावला की चुरा व्हायला लागल्या. वैजू ताटावरून उठून कुंडीपाशी जाऊन बसायची. पाणी घालायची, पुन्हा पाणी घालायची. तिचे दोन घास पुन्हा एकावर आले. आत्याबाईंनी नवस बोलला. मी त्या दिवशी नवऱ्याला गोठ्याच्या मागे गाठलं आणि वाट अडवून उभी राहिले. म्हटलं, आज पाणी सोडायला जाऊ देणार नाही. झाडाला काय झालंय ते सांगा.

त्यानं हातातलं खोरं खाली ठेवलं. मग म्हणाला, "उपाशी मरतंय."

"एवढं पाणी, एवढं खत."

"त्यानं काय होतंय. उन्हाचं अन्न करतं ते हिरवं. पांढऱ्याला स्वतःचं रांधता येत नाही. ते हिरव्याच्या जिवावर जगतं. हिरवं संपलं, ते संपलं."

मी म्हटलं, मग खुडणं थांबवा. कोण खुडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वैजू माझ्याशी बोलली त्या दिवसापासून मलाही ठाऊक आहे. त्यानं मान हलवली, हो, ठाऊक आहे. मग पोरीला सांगत का नाही? त्यावर तो जे म्हणाला ते मी विसरलेले नाही. म्हणाला, "तिच्या आईला मी एकदा जाळून आलोय. दुसऱ्यांदा माझ्या तोंडानं नको."

मला त्याचा संताप आला आणि त्याची कीवही आली. झाड गेलं तर पोरगी त्याच्या पाठोपाठ जाणार, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. आमच्या दोघांत तोंड कुणी उघडायचं एवढाच प्रश्न होता. सावत्र आईनं झाडाला हात लावला असता तर गावानं म्हटलं असतं, सवतीचा शेवटचा ठिपकाही हिला खपला नाही. माझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी झाले, पण झोप लागली नाही. डोळे मिटून पडून राहिले. थोड्या वेळानं दार करकरलं. पावलांचा आवाज जवळजवळ नव्हताच. कुणीतरी उशाशी येऊन बसलं आणि नुसतं बसून राहिलं. त्या वेळी मी फार घाबरले, हे कबूल करायला लाज कसली. आत्याबाईंचं सगळं बोलणं मला खरं वाटलं. मग माझ्या गळ्यातला टाक कुणीतरी हलकेच उचलला, परत ठेवला, आणि माझ्या हाताची कातडी अंगठा आणि बोटाच्या नखात धरली. कोंब धरतात तशी, अगदी बुडाशी.

मी तो हात पकडला. हात थंड होता आणि लहान होता.

वैजू ओरडली नाही, पळायलाही बघेना. मी उठून बसले. रागवायचं म्हणून तोंड उघडलं होतं, पण तिच्या नखांत हिरवा रस वाळलेला दिसला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, का गं चिमटे काढतेस मला? मी तुला नकोशी आहे का?

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आई म्हणायची, हिरवं वाढू दिलं की पांढरं जातं."

"मी हिरवी?"

तिनं मान डोलावली.

"आणि पांढरं कुठंय?"

तिनं बोट माझ्या गळ्यातल्या टाकावर ठेवलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगी मला हाकलत नव्हती. मी या घरात रुजले, हसूबोलू लागले, तर माझ्या गळ्यात एवढीशी उरलेली तिची आई झाकली जाईल, एवढीच तिला भीती होती. म्हणून आईनं शिकवलेलं काम ती करत होती. पहाटे झाडाचं आणि दुपारी माझं. मला रडू आलं. मी तिला कडेवर घेतलं, तिनं घेऊ दिलं, आणि तशीच अंगणात गेले. जाताना शेडनेटकडे तोंड करून नवऱ्याला अशी हाक मारली, की गडीसुद्धा बाहेर आले.

तो आला. मी म्हटलं, बोला आता, नाहीतर मी बोलते.

त्यानं माझ्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. मग ती जड कुंडी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. झाडाची जी बाजू कायम भिंतीकडे असायची ती पुढे आली. तिथं मनगटाएवढ्या जाड फांदीची सुरुवात होती आणि पुढं काही नव्हतं. नुसत्या खुडून खुडून वाळलेल्या काटक्या.

"ही बघ, वैजू. ही फांदी तुझी आई कधी खुडायची नाही," तो म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा. "पुढून दिसेल तेवढं हिरवं खुडायची. भिंतीकडची ही एक फांदी निव्वळ हिरवी ठेवायची. बघायला येणाऱ्याला दिसू नये म्हणून भिंतीकडं. ही फांदी सगळ्या पांढऱ्याला जेवू घालायची."

वैजू लहान होती. तिनं आईला समोरून खुडताना पाहिलं होतं. झाड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आई काय राखते ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. आणि त्या फटीत वैजूचं एवढंसं अंग सहज मावत होतं, म्हणून आई गेल्यावर तिथलं हिरवंही तिनं खुडून टाकलं होतं.

ती त्या काटक्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीच मारलं आईला."

आत्याबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मी पोरीला खाली उतरवलं आणि त्या फांदीपाशी बसवलं. मला झाडातलं काही कळत नव्हतं, पण फांदीच्या बुडाशी, खोडाला चिकटून, एक हिरवा कोंब तिच्या नखांतून सुटलेला मला दिसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मी तिला तो दाखवला. म्हटलं, हा राहू दे. हा राहिला तर ती राहील.

"आणि हा वाढला तर?"

"वाढू दे. फार वाढला तर आपण दोघी मिळून बघू."

तिनं बोट पुढे केलं. मला वाटलं खुडते आता. तिनं त्या कोंबावरचं कोळ्याचं जाळं तेवढं बोटानं बाजूला केलं.

पुढचे दिवस वाईट गेले. शेंडे एकामागून एक गळत होते. ऊन लागू नये म्हणून आत्याबाईंनी यमुनेचं एक जुनं लुगडं काढून दिलं आणि आम्ही ते झाडाभोवती गुंडाळलं. जूनमध्ये धुकं उतरलं तेव्हा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं की अंगणात भिंतीकडे तोंड करून एक बाई उभी असल्यासारखी दिसायची. मी रोज बघायचे. एका सकाळी मला वाटलं, तिनं मान वळवली. वाऱ्यानं लुगड्याचा काठ हलला असेल, दुसरं काय असणार. पण मी त्या दिवसापासून पहिला घास तिच्यासाठी काढताना मनात धुसफुसले नाही.

कोंब जगला. त्याची डहाळी झाली, पावसाळ्याअखेर हाताएवढी फांदी झाली. पांढरं निम्म्याहून जास्त गेलं, पण जे उरलं ते तग धरून राहिलं, आणि दिवाळीच्या आधी बांधावरचा एक डोळा फुटून नवी पांढरी डहाळी आली. ती वैजूला आधी दिसली. ती धावत आली आणि तिनं मला हाक मारली, "मावशी!" ती मला आजवर मावशीच म्हणत आली, आणि मला ते पुरलं.

त्या दिवाळीत तिला न्हाऊ घालताना मी सहज म्हटलं, आता हातावरच्या खुणा गेल्या गं माझ्या, मानेवरच्याही. इतक्या मागं मानेवर कशी पोचायचीस तू? तिनं साबण गेलेले डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं.

"मानेवर मी कधी चिमटा नाही काढला. फक्त हातावर."

बाकीचं सगळं कबूल करून बसलेली पोर एवढ्यासाठी कशाला खोटं बोलेल? मी तिच्या डोक्यावर तांब्या ओतला आणि पुन्हा विचारलं नाही.

आता वैजूची स्वतःची नर्सरी आहे, साताऱ्याजवळ. आत्याबाई गेल्या, जयवंतरावही गेले. झाड अजून अंगणात आहे. दर सणाला ती येते, आम्ही दोघी कुंडीपाशी बसतो आणि हिरवं किती ठेवायचं, किती काढायचं यावरून भांडतो. भिंतीकडच्या फांदीला मात्र दोघीही हात लावत नाही.

गेल्या पाडव्याला ती आली होती. माझं डोकं दुखत होतं म्हणून तेल लावायला बसली. केस पुढे घेतले, मान मोकळी केली, आणि तिचा हात थांबला. टाकाच्या दोऱ्याखाली तिनं बोट ठेवलं.

"मावशी, ही खूण ताजी आहे."

मी म्हटलं, असेल.

तिनं माझ्या मानेवर हलकेच तेल लावलं. मग म्हणाली, "उतरव ना आता तो टाक. किती वर्षं वागवलंस तिला."

मी टाक मुठीत धरला. तो अंगाच्या उबेनं गरम झालेला होता.

"आणि ती एकटी कशी जगेल गं?"